पिवळी चौकट

एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिलेली दिसली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. घरात मिठाचे दोन डबे निघाले, तर संध्याकाळच्या आत त्यातला एक रिकामा होऊन ओट्यावर पालथा पडलेला असतो. विशाखाच्या नाकावर माशी बसत नाही, असं आमची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि तिला त्याचं कौतुकच वाटतं. मलाही वाटायचं. या फेब्रुवारीत त्याच स्वभावापायी एका माणसाची चार बोटं गेली. ती गेल्यावर मी जे केलं ते बोटं जाण्याइतकंच वाईट होतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचं एक विकी आहे. विकी म्हणजे इंटरनेटवरचं असं पुस्तक, की ज्याला हवं त्यानं वाचावं आणि ज्याला येतं त्यानं त्यात भर घालावी. आमच्या विकीत कारखान्यातल्या यंत्रांची दुरुस्ती मराठीत सांगितली आहे. यंत्र बाहेरदेशातून येतं, त्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक साहेबाच्या कपाटात कुलूपबंद राहतं, आणि यंत्र अडलं की त्याच्यापुढं वाकतो तो मराठी शाळेत शिकलेला फिटर. त्याच्यासाठी हा उद्योग. आम्ही आठ जण आहोत, आणि यातून कुणाला एक छदाम मिळत नाही. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. विकीत माझ्याकडे झाडलोट. पानं नीट लावायची, चुका काढायच्या, कुणी भलतंसलतं लिहिलं तर पुसायचं. लष्कराच्या भाकऱ्या, असं माझा नवरा म्हणतो.

यातली निम्मी पानं कडुबामामांची. नात्यानं नाही, सगळेच त्यांना मामा म्हणतात. मामांचं गाव शेंद्रा. जमीन एमआयडीसीत गेली आणि मामा कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवायच्या खात्यात, लागले. तिथं एकतीस वर्षं काढून आता मुकुंदवाडीत स्टेशनजवळ राहतात. फिटर म्हणून असा हात की नुसता कान लावून बेअरिंग गेलंय का सांगायचे. शिकवताना मात्र तोंड असं, की त्यांच्या हाताखाली टिकलेली पोरं बोटावर मोजावीत. आधी ते रजिस्टरमध्ये लिहून द्यायचे आणि मी टाइप करायची. मग त्यांनी औरंगपुऱ्यातून एक जुना कॉम्प्युटर आणला आणि एका बोटानं टाइप करायला शिकले. फोन अजून बटणांचाच आहे. दर रविवारी मी त्यांच्याकडे जायची. अनुस्वार चुकला म्हणून मी त्यांना बोलायची, नट-बोल्टातला फरक कळत नाही म्हणून ते मला शिव्या द्यायचे. बारा वर्षं आमचं असं छान चाललं होतं.

मामांच्या प्रत्येक पानावर सगळ्यात वर त्याच चार ओळी असायच्या. मेन स्विच बंद करा. मोटर बंद केली तरी मोठं चाक दोन-तीन मिनिटं फिरत राहतं, ते पूर्ण थांबू द्या. वरचा भाग खाली येऊ नये म्हणून मध्ये ठोकळा लावा. मगच हात घाला. दोनशे चौदा पानं, दोनशे चौदा वेळा त्याच चार ओळी. दिवाळीच्या सुट्टीत मी त्या मोजल्या आणि माझी तिडीक डोक्यात गेली.

मी असं ठरवलं की त्या चार ओळी एकाच ठिकाणी लिहायच्या आणि प्रत्येक पानावर तिथून आणून दाखवायच्या. वर एक पिवळी चौकट, तिच्यात ओळी. उद्या एक शब्द बदलायचा झाला तर एकदाच बदलायचा. चर्चेच्या पानावर मी हे मांडलं तेव्हा मामांनी खाली लिहिलं, "दोनशे वेळा सांगितलं तरी पोरं एकशे नव्याण्णव वेळा विसरत्यात. म्हणून दोनशे वेळा लिहिलंय. राहू दे." मी त्यांना नियम दाखवला. तो नियम मीच कधीतरी लिहिलेला होता. बाकीच्यांनी "सहमत" लिहिलं, मामा गप्प बसले. दोनशे चौदा पानांवरच्या ओळी काढून मी चौकटी लावल्या. मामांच्या कॉम्प्युटरवर नेऊन दाखवल्यासुद्धा. पिवळा रंग बघून ते म्हणाले, "बरंय. लांबूनबी दिसायलंय." अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण त्या दिवशी माझी गाडी भरून वाहत होती.

मामांचा मुलगा शिवराज. मामांना तो दादा म्हणतो. सत्तावीस वर्षांचा, लग्नाला दोन वर्षं झालेली. मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, ते चालेना, म्हणून जानेवारीत एका लहानशा प्रेस शॉपमध्ये लागला. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याचा भाग काढणारं यंत्र. बाप एवढा मोठा फिटर आणि पोराला या कामातलं काही येत नाही, याचं मामांना वाईट वाटायचं. ते बोलून दाखवायचे, आणि बोलताना शेजारच्या घरापर्यंत ऐकू जायचं.

फेब्रुवारीच्या सहा तारखेला शिवराजच्या प्रेसमध्ये एक भाग अडकला. त्यानं बटण दाबून मोटर बंद केली, समोरची संरक्षक जाळी उघडली आणि अडकलेला भाग काढायला हात घातला. चाक अजून फिरत होतं. पाय प्रेस चालवायच्या पेडलला लागला आणि प्रेस खाली आली. उजव्या हाताची, अंगठा सोडून, चारही बोटं गेली.

दवाखान्यात मी गेले तेव्हा मामा कॉटच्या पायथ्याशी उभे होते. बघायला आलेली दहा-बारा माणसं होती. शिवराजची बायको सायली उशाशी बसली होती. मामा पोराशी नाही, आम्हा सगळ्यांशी बोलत होते. "चार ओळी लिहिल्यात मी. सगळ्या जगानं वाचल्या. लातूर-नांदेडातून पोरं फोन करत्यात, मामा, तुमच्यामुळं हात वाचला म्हणून. आन माझ्याच घरात ह्ये आंधळं निघालं. एकदा उघडून बघितलं नाय त्यानं." शिवराज छताकडं बघत होता. मला मामांची कीव आली. पोराची आली नाही, हे खरं सांगते. मलाही वाटलं, एवढं डोळ्यांपुढं होतं, वाचायला काय झालं होतं याला.

घरी आणल्यावर मी त्याला भेटायला गेले, ती तेरा तारीख. मामा घरात नव्हते. अलीकडं ते दिवसभर स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायचे, पोरासमोर थांबवत नव्हतं त्यांना. सायली शिवराजला वरणभात भरवत होती. मला बघून त्यानं मान फिरवली, तोंड पुसून घेतलं, मग म्हणाला, "ताई, एक इचारू का? त्या चार ओळी कुठं हायेत?"

मी म्हटलं, "कुठं म्हणजे? पानावर वर."

"लई शोधल्या. दवाखान्यात असल्यापासून शोधायलो. सायलीलाबी बघायला लावलं." त्यानं डाव्या हातानं फोन पुढं केला. "मलाच दिसंनात का काय, कळंना."

मी त्याच्या फोनवर पान बघितलं. वर नाव होतं, "डायमध्ये भाग अडकल्यास". डाय म्हणजे प्रेसमधला साचा. त्याखाली लगेच पहिली पायरी, जाळी उघडा. मध्ये काहीच नव्हतं. पिवळी चौकट नव्हती. खालपर्यंत गेले, परत वर आले. दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. एकाही पानावर चौकट नव्हती.

मोबाईलसाठी आमच्या विकीचं जे रूप होतं ते आम्ही कुठूनसं फुकट घेऊन बसवलं होतं. जागा वाचावी म्हणून ते चौकटी गाळून टाकत होतं. माझ्या स्वतःच्या फोनवर मला कधी कळलं नाही, कारण लिहायला सोयीचं पडतं म्हणून मी फोनवरही कॉम्प्युटरचंच रूप लावून ठेवलेलं होतं. मामा बघायचे ते कॉम्प्युटरवर. आणि आमचे शंभरातले पंच्याण्णव वाचक मोबाईलवरून वाचतात. हा आकडा मीच दर महिन्याला काढून सगळ्यांना अभिमानानं पाठवते.

"तू हे पान वाचायचास?" मी विचारलं.

"कामाला लागल्यापासून रोजच. जेवणाच्या सुट्टीत." मग जरा हसला. "दादांला इचारलं की आधी शिव्या मिळत्यात, मग उत्तर. पानात नुसतं उत्तर असतंय. म्हणलं हिथंच शिकावं आन वर्षभरानं त्यांला एकदम करूनच दाखवावं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. सायली ताट घेऊन समोर उभी होती, त्याच्या मांडीवर बँडेज बांधलेल्या हाताचा पांढरा बोळा होता, आणि मी म्हटलं, "बघते हं, काय झालंय ते." रिक्षातही बसले नाही, चालतच घरी आले.

ओळी परत टाकायला मला चार मिनिटं लागली. संगणकाला एकदा सांगितलं, त्यानं दोनशे चौदा पानांवर चौकट काढून मामांच्या ओळी होत्या तशा लिहिल्या. जे होऊ नये म्हणून मी दिवाळीत चार दिवस खपले होते, ते चार मिनिटांत झालं. नंतर मी न्हाणीघरात जाऊन रडले. माझ्यासाठी रडले की त्याच्यासाठी, सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा मेसेज आला. "ताई नमस्कार. आज पान उघडलं. ओळी दिसल्या. एकदम वरच आहेत. माझंच ध्यान नव्हतं. दादांचं बरोबर होतं. हा मेसेज सायलीनं लिहून दिला आहे."

मी तो तीन-चारदा वाचला. मग उत्तर लिहिलं, "होतं असं कधी कधी. तब्येत जप."

बोटं माझ्या हातून चुकून गेली, मुद्दाम नाही. हे उत्तर मात्र मी विचार करून लिहिलं. तो आंधळा नव्हता हे जगात फक्त मला माहीत होतं, आणि त्यालाच मी पटवून दिलं की तू आंधळा होतास. पानावर कुणी कधी काय बदललं, याचा सगळा इतिहास विकी ठेवतं, पण तो उघडून बघणारा माणूस आमच्यात एकच, तो म्हणजे मी. अकरा दिवस मी कामावर गेले, स्वयंपाक केला, लोकांची पानं तपासली. शुद्धलेखन तर विशेष मन लावून तपासलं.

बाराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नवे बदल बघायला बसले, तर मामांचा एक बदल मंजुरीसाठी थांबलेला होता. त्यांनी चार ओळींखाली पाचवी जोडली होती. "माझ्या मुलाने वरील सूचना वाचली नाही. त्याची चार बोटे गेली. तुम्ही वाचा." आणि मला निरोप होता, "ही पण सगळ्या पानांवर टाक. आता मोजू नको."

डबा तसाच बंद केला. अर्धी सुट्टी टाकली आणि मुकुंदवाडीला गेले.

मामा बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसले होते. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. चष्मा वर करून मला म्हणाले, "आलीस व्हय? टाकलीस का ती ओळ?"

"नाही मामा. ती ओळ खोटी आहे."

"खोटी? बोटं गेली ती खोटी व्हय?"

मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढलं. त्या पानाचा इतिहास उघडला, दिवाळीची तारीख दाखवली, शेजारी माझं नाव दाखवलं. मग माझ्या फोनवर मोबाईलचं रूप लावून सहा फेब्रुवारीला ते पान जसं होतं तसं उघडलं आणि त्यांच्या हातात दिला. "त्या दिवशी शिवराजच्या फोनवर हे असं दिसत होतं."

त्यांनी एका बोटानं पान वरून खाली नेलं. परत वर आणलं. "चौकट कुठाय?"

"नाहीये. मोबाईलवर ती दिसतच नव्हती. मी बघितलंच नाही कधी. कुणालाच दिसत नव्हती, मामा. तेरा तारखेला शिवराजनं मला विचारलं तेव्हा कळलं. त्याच दिवशी ओळी परत टाकल्या आणि त्याला काही सांगितलं नाही. त्याला वाटतंय त्याचंच लक्ष नव्हतं."

मी शिव्यांची वाट बघत होते. अनुस्वारावरून शिव्या देणारा माणूस, आता तर काय काय बोलेल. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

"म्हंजे शिवा वाचत होता," मामा म्हणाले.

"हो."

"कवापासून?"

"कामाला लागला त्या दिवसापासून."

"माझी पानं?"

"तुमचीच."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "मग मला कामून इचारलं नाय? मी घरातच तर व्हतो."

उत्तर मला माहीत होतं.

आतलं दार उघडलं. शिवराजनं सगळं ऐकलं होतं. हात गळ्यातल्या झोळीत, अंगात सायलीनं बटणं लावून दिलेला शर्ट. तो माझ्याकडं बघत नव्हता. "माझ्या डोळ्याला काय झालं नव्हतं, दादा," तो म्हणाला. आवाज चढवून नाही, डॉक्टरला सांगावं तसा.

मामा उठायला गेले आणि परत बसले. मग वळून त्यांनी कॉम्प्युटरवर ते पान उघडलं, पाचव्या ओळीच्या शेवटी गेले आणि एका बोटानं एकेक अक्षर खोडायला लागले. ओळ निवडून एकदम पुसता येते, हे मी त्यांना पन्नास वेळा शिकवलं होतं. "वाचा" गेलं, "तुम्ही" गेलं, "गेली" गेलं. शिवराज त्यांच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला होता. सायली दारात होती. ओळ संपायला बराच वेळ लागला.

कुठलाही बदल जतन करताना आमचं विकी विचारतं, हा बदल कशासाठी केला. खाली एक रकाना असतो, तो भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मामा त्या रकान्यापाशी थांबले.

"हिथं काय लिहू?" त्यांनी विचारलं. मला नाही, मागं वळून शिवराजला. मी त्या घरात बारा वर्षं जात होते, त्यांनी पोराला काही विचारलेलं पहिल्यांदा ऐकत होते.

शिवराज पडद्याकडं वाकला. "मला नाय ठावं, दादा."

मामांनी मान हलवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ताई, तुम्ही निघा आता." त्यांनी मला कधी ताई म्हटलं नव्हतं, तुम्ही तर नाहीच. मी फोन उचलला, चपला घातल्या आणि निघाले. सायलीनं दार लावून घेतलं.

सकाळी कामावर जायच्या आधी मी पान उघडलं. पाचवी ओळ गेलेली होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "चूक माझी आहे. कडुबा." मी लगेच ते बदलायला गेले. चूक त्यांची नव्हती, माझी होती, आणि तिथं माझं नाव हवं होतं. पण आमच्या विकीत पानावरचं काहीही कुणालाही दुरुस्त करता येतं, फक्त कारणाचा रकाना एकदा जतन झाला की तो कुणालाच बदलता येत नाही. मलाही नाही.